टाचेची करकर

सकाळी जिन्यात नव्या चपलेची करकर ऐकू आली. आमच्या कोल्हापुरात हा आवाज कुणीही ओळखतो; करकर वाजणारी चप्पल लोक हौसेने, मुद्दाम करून घेतात. मी दारात येऊन पाहिलं. माझा धाकटा भाऊ विजय कठडा धरून, जिन्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी उतरत होता. परवाच तो डोंगरातली शंभर किलोमीटरची शर्यत धावून आलाय. सरळ उतरायला गुडघे तयार नाहीत.

"नवी चप्पल घेतलीस का रे?"

"चप्पल कुठली, ताई? अनवाणी आहे मी," तो हसला. पायरीवर बसून त्याने माझी बोटं टाचेवरच्या जाड शिरेवर ठेवली आणि पाऊल वरखाली केलं. कातडीखाली ती शीर करकरली. बोटांना आधी कळलं, कानांना नंतर. मी हात काढून घेतला.

"जाईल चार दिवसांत. पुढच्या महिन्यात दीडशेची आहे. आज नुसतं हलकं पळून येतो."

नवं चामडं करकरतं ते वापरून मऊ होईपर्यंत. मग ते गप्प होतं, पायाचंच होऊन जातं. विजयच्या टाचेतलं हे चामडं तर जन्मापासून पायाचंच होतं आणि इतकी वर्षं गप्प होतं. आता ते बोलायला लागलंय, आणि ज्याला सांगतंय तो खाली बसून बुटाचे बंद आवळतोय.

फाटकातून तो जरा लंगडतच धावत गेला. वळणापर्यंत मी बघत राहिले. चपलेचा अंगठा भर रस्त्यात तुटला, तर माणूस ती हातात धरून घरी येतो. ही शीर तुटली, तर?