दादाचा चष्मा लावून दिलेली परीक्षा

कप आधी खाली ठेवा, नाहीतर चहा अंगावर सांडेल. मी परीक्षेत काय दिवे लावले ते ऐका.

तीन महिन्यांपूर्वी माझा दादा गेला. चौतीस वर्षांचा होता. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला आणि दुपारी नव्हता. मागे राहिली वहिनी आणि मुलुंडचं आमचं चष्म्याचं दुकान. मी नववी नापास. वहिनी सरळ म्हणाली, "भावोजी, चष्म्याच्या कोर्सचं सर्टिफिकेट आणा, दुकान तुम्ही चालवा. नाहीतर गाळा सोडू या."

दादाचा गाळा सोडायचा? त्याच दिवशी घाटकोपरच्या क्लासला नाव घातलं.

दुकानाच्या ड्रॉवरमध्ये मला दादाचा चष्मा सापडला होता. जाड काळी फ्रेम, दादा वापरायचा तशीच. तो खिशात घेऊनच फिरायचो. परीक्षेच्या दिवशी सरळ डोळ्यांवर चढवला. दादा सोबत आहे असं वाटेल, बाकी काही डोक्यात नाही. दांडी ढिली होती, सारखा नाकावर घसरायचा. पण दादाच्या वस्तूला स्क्रूड्रायव्हर लावायला हात होईना.

समोरचं सगळं धुरकट. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलंय.

परीक्षा घेणाऱ्या मॅडम खुर्चीत बसल्या. "मी गिऱ्हाईक. समोरचा तक्ता वाचते. चुकले की थांबव."

तक्ता कुठला? भिंतीवर पांढरी चादर वाळत घातल्यासारखं काहीतरी होतं! चष्मा काढायचा ना, असं म्हणाल तुम्ही. पण मग दादाला दाराबाहेर उभं केल्यासारखं झालं असतं.

"क, म, प," मॅडम म्हणाल्या.

"बरोबर!"

"ठ, ठ, ठ."

"एकदम बरोबर!"

मॅडम जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "व, डा, पा, व."

"झकास, मॅडम! शेवटची ओळपण? तुमची नजर म्हणजे घारीची!"

मागची पोरं फुटली ना यार! वाट लागली.

"तक्त्यावर आकडे आहेत," मॅडम म्हणाल्या. "चष्मा काढ. कुणाचा आहे?"

"दादाचा. गेला तो."

हसणं बंद झालं. मॅडमनी चष्मा हलकेच घेतला, वहीवर धरला. खालची अक्षरं फुगून मोठी झाली.

"दादाला लांबचं दिसत नव्हतं की जवळचं?"

"लांबचं. चौथीत फळा दिसेना, तेव्हापासून चष्मा."

"मग यातून अक्षरं बारीक दिसायला हवीत. दोन महिने शिकतोयस ना? हा वाचायचा चष्मा आहे, रे. कुणातरी म्हाताऱ्या माणसाचा. पुढच्या शनिवारी परत ये. स्वतःचे डोळे घेऊन."

तसाच दुकानात गेलो. वहिनी काउंटर पुसत होती. चष्मा तिच्यापुढे ठेवला.

"हा दादाचा नाही?"

तिने बघितलंही नाही नीट. "ह्यांचा चष्मा ह्यांच्यासोबतच गेला, भावोजी. जाताना मीच डोळ्यांवर घातला. त्याशिवाय ह्यांना रस्ता कुठे दिसायचा?"

मी स्टुलावर बसलो. ती पण बसली.

मग तिने चष्मा उचलला आणि कपाळाला हात लावला. "अहो, हा तर परबकाकांचा! आपण दुःखात म्हणून बिचारे मागायला आले नाहीत!"

परबकाका मागच्याच चाळीत राहतात. धावत गेलो. काका दारात बसून पेपर वाचत होते, म्हणजे पेपर हातभर लांब धरून डोळे बारीक करत होते. मी चष्मा हातात दिला. काकांनी तो डोळ्यांवर चढवला, पेपर जवळ घेतला, खूश झाले. खाली वाकले, आणि चष्मा घसरून थेट मांडीवर.

काकांनी माझ्याकडे बघितलं.

"अरे बाळा, मी दांडी घट्ट करायलाच दिला होता ना?"