आबा बोलतील अशी जागा

माघातल्या दुपारी आमच्या गुऱ्हाळाच्या भिंतींना अजून गुळाचा वास येतो. चुलाण विझून किती वर्षं झाली, काहील कधीच भंगारात गेली, ऊस आता सरळ कारखान्याला जातो. तरी वरचा पत्रा तापला की विटांमधून तो करपट-गोड वास हळूहळू सुटतो आणि मोजायची टेप हातात तशीच धरून मी उभी राहते. गेलं वर्षभर दर शनिवारी सांगलीहून गावी येऊन मी ही जागा मोजते आहे. लांबी-रुंदी केव्हाच पाठ झाली. पण नेमकं काय मोजते आहेस, असं कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही.

मनातली जागा मात्र लख्ख दिसते. चारही भिंतींलगत मातीचा रुंद कट्टा, मांडी घालून बसावं आणि कंटाळा आला की तिथेच कलंडावं असा. पश्चिमेची भिंत कमरेएवढीच ठेवलेली, म्हणजे कृष्णेकडचा वारा आणि कलता उजेड न विचारता आत येतील. दाराला चौकट असेल, फळ्या नसतील. आलेल्याला 'काय काम काढलंत?' असं कुणी म्हणणार नाही. गोष्टीतून गोष्ट निघत जाईल आणि अशाच एखाद्या संध्याकाळी कोपऱ्यात बसलेले माझे वडील, आबा, बोलायला लागतील. खरं सांगायचं तर सगळा खटाटोप एवढ्याचसाठी आहे.

आबा फौजेतून सुभेदार होऊन परतले तेव्हा बोलके होते म्हणतात. मला आठवतात तेही अगदीच अबोल नव्हेत. दोन वर्षांपूर्वी आई सांगलीच्या दवाखान्यात होती आणि एका सकाळी गावाहून निरोप आला, कारखान्याकडून उसाला तोड आली, तोडणाऱ्यांची टोळी रानात उतरली. ही पाळी हुकली की ऊस उभ्या उभ्या वाळतो, हे आमच्या भागात कुणाला समजावून द्यावं लागत नाही. 'सांजच्याला येतो' म्हणून आबा गेले. ते परत पोचले तोवर आई गेलेली होती. तेव्हापासून त्यांचं बोलणं मोटर, मीठ आणि औषधाची गोळी एवढ्यावर आलं. मी मोबाइल समोर ठेवून म्हणायची, "आबा, सांगा ना फौजेतलं काहीतरी," तर ते चष्मा पुसत म्हणायचे, "त्यात काय सांगायचं."

मागच्या महिन्यात न राहवून मी गुऱ्हाळात सतरंज्या अंथरल्या आणि गावातली आठ-दहा माणसं नुसती गप्पांना म्हणून बोलावली. माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली. भिंतीला पाठ लावून ओळीने बसली. कुणीतरी नारळ आणला होता, कुणी शाल. "अध्यक्ष कोन?" अशी विचारणा झाली आणि मी तोंड उघडायच्या आत आबांना अध्यक्ष करून त्यांचा सत्कारही उरकला. दोघांनी प्रास्ताविक केलं, एकाने आभार मानले. आबा खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन शेवटपर्यंत गप्प बसले. मला हसावं की रडावं ते कळेना. चूक त्यांची नव्हती. बोलावलं म्हणजे कार्यक्रमच असणार, असं आमच्याकडे कुणालाही वाटेल.

त्यानंतरच्या शनिवारी आले तर तोडून मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसवलेली. दरवर्षी उन्हाच्या तोंडाला माणदेशातून धनगर येतात, खतासाठी आम्ही त्यांचा कळप दोन-तीन दिवस रानात बसवून घेतो, मग ते पुढच्या गावाला जातात. लोकरीचा आणि लेंड्यांचा उग्र वास बांधापर्यंत आला होता. बाभळीच्या विरळ सावलीत घोंगड्यावर एक म्हातारा धनगर बसला होता, त्याच्या शेजारी आबा. आणि आबा बोलत होते. हातवारे करून, मध्येच हसून. चहाचे पेले घेऊन मी बांधावरच थबकले.

आबा सांगत होते, माझ्या आईला लिहिता येत नव्हतं. आबा फौजेत असताना तिची पत्रं गावचे मास्तर लिहायचे आणि त्यात सगळं नेहमी क्षेमच असायचं. म्हणून ती शेवटी स्वतःच्या हाताने कोळशाची एक रेघ ओढायची. "उबी रेघ म्हंजे सगळं बरं. आडवी आसली की समजायचं, कायतरी बिनसलंय. मास्तरला काय पत्ता न्हाई लागला कवा!"

पन्नाशी ओलांडली मी, आणि ही रेघ मला ठाऊक नव्हती. आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग, नुसता राग. उद्या-परवा उठून जाणाऱ्या माणसाला हे मिळावं आणि मला का नाही?

म्हाताऱ्याने मला पाहिलं. "ये ताई, बस की," म्हणाला. आबांनी सरकून घोंगड्यावर मला जागा करून दिली आणि बोलणं थांबवलं. चहा संपला. मेंढरं पाचट हुंगत फिरत होती. ती शांतता मला सोसवेना, म्हणून असेल, किंवा धनगराच्या तोंडावर कसलीच घाई नव्हती म्हणून असेल, मी आबांकडे न बघता त्या परक्या माणसालाच सांगू लागले, की माझी आई गेली त्या दुपारी शुद्धीवर होती. मी आबांना फोन लावत होते. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "त्येस्नी बलवू नगंस. आदी ऊस जाऊ दे." मी फोन ठेवून दिला.

हे मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आबांना वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला बजावत आले. पण ते ऐकून त्यांना सुटल्यासारखंही वाटलं असतं, आणि ते सुटणं मला त्यांना द्यायचं नव्हतं का? ते उसासाठी गेले याचा राग होता, की मी तिचं ऐकलं याची भीती? तिथे बसल्या बसल्याही मला ते निवडता येईना.

 आबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आनखी काय म्हनली?"

आई आणखी काहीच म्हणाली नव्हती. पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि डोळे मिटले, एवढंच. पण आबा आतुरतेने माझ्या तोंडाकडे बघत होते, असं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मी बोलायला सुरुवात केली, आणि पुढच्या वाक्यात काय येणार आहे ते मलाही ठाऊक नव्हतं.