टाकीचा उतार

त्याला सगळे पाणसळ म्हणत. गवंडी माणूस. ज्या पट्टीच्या काचनळीतला बुडबुडा मधोमध आला की काम सरळ, ती पट्टी कायम त्याच्या खिशात. तिचंच नाव त्याला चिकटलं. उभा जन्म लोकांची घरं बांधली. घर पुरं होऊन दाराला कुलूप लागलं की हा पत्र्याच्या खोपीतलं बिऱ्हाड गुंडाळून पुढच्या घराच्या पायावर हजर. बायको बिचारी चूल मांडायची आणि मोडायची.

म्हातारपणी मुलाच्या घरात दोघांना खोली मिळाली. पंखा, कपाट, उजेडाची खिडकी. पण ह्याच्या बुडाखाली मुंग्यांचं वारूळ. सकाळी उठला की घरभर फिरून खिडक्यांच्या कडांवर पट्टी ठेवून बघायचा. एकदा सुनेच्या ओट्यावर ठेवली.

"ओटा डावीकडं कललाय."

"बाबा, ओटा नाही, तुमची मान कललीय," सून म्हणाली.

त्या बोलण्याचा राग आला असं नाही, पण महिन्याभरात त्याने कुणाची तरी जुनी घरगाडी घेतली. लांबुडक्या गाडीत पलंग, शेगडी, मोरी, संडास, सगळं कोंबलेलं. बायकोने आत डोकावून पाहिलं आणि एकच अट घातली.

"झुडपामागं जायचे माझे दिवस सरले. गुडघे वाकत नाहीत. आतला संडास चालतोय तोवर मी तुमच्याबरोबर. तो बसला, की मी मुलाकडं. मग तुम्ही फिरा गावभर एकटे."

"मान्य," म्हणाला. तेव्हा काय, हुरूप होता.

दोघं फिरू लागली. कुठल्याही तळावर दोन दिवस झाले की ह्याचे पाय वळवळायला लागत. निघायचंय म्हटल्यावर गाडीखाली वाकून बघायला सवड कोणाला? आयुष्यभर दुसऱ्यांच्या घराच्या भेगा शोधल्या, स्वतःच्या गाडीचं पोट लोंबायला लागलं ते दिसलं नाही.

दिसलं ते बायकोला. तळावरच्या दोरीवर कपडे वाळत घालताना तिने खाली पाहिलं. मैल्याची प्लास्टिकची टाकी गाडीच्या तळाला पातळ लोखंडी पट्ट्यांवर टेकलेली असते. भरली की चार माणसांचं वजन. पट्ट्या वाकल्या होत्या, टाकी व्यायला आलेल्या गाईसारखी खाली आली होती, आणि तोंडाशी पाइपाला तडा जाऊन ठिबकत होतं. वास तर विचारूच नका.

तिने हात धुतले आणि मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "उद्या दुपारी न्यायला येतो."

मग पाणसळ जो सुटला! टाकी उपसली. तळाशेजारच्या वेल्डरकडून दोन जाड लोखंडी अँगल कापून आणले. टाकीखाली फळी, फळीखाली जॅक. हळूहळू पोट वर उचललं. अँगल गाडीच्या सांगाड्याला आडवे बोल्टने आवळले. टाकी घासू नये म्हणून मध्ये जुन्या टायरच्या रबराची घडी घातली, फुटका पाइप बदलला. शेवटी पट्टी लावली. बुडबुडा बरोबर मधोमध, इकडे नाही की तिकडे नाही.

"बघ! रेषेसारखी आहे."

बायको पिशवी भरत होती. "उद्या बघू."

सकाळी त्याने टाकी पाण्याने भरली. तासभर खाली पडून अँगलकडे बघत राहिला. काही वाकलं नाही. मग ऐटीत तळावरच्या गटारावर पाइप सोडला आणि टाकीचा खटका ओढला. पाणी धो धो आलं, मंदावलं, मग नुसतं टिपटिप. त्याने टाकीवर बोटं वाजवली. वर पोकळ आवाज, खाली भरीव डबडब. तळाशी चार बोटं पाणी तसंच.

खटका दोनदा आत-बाहेर केला. पाइप हलवला. पान्ह्याने ठोकला. गाडीभोवती एक फेरी, मग दुसरी. घाम पुसला, परत खाली शिरला, परत बाहेर आला. मुलगा यायची वेळ होत आली होती.

बायको पायरीवर बसून बघत होती. "अहो, एक विचारू?"

"नंतर विचार."

"मोरी बांधताना पाणसळ लावता का हो?"

"मोरीला कोण लावतं? मोरीला उतार द्यावा ला..." शब्द तोंडातच राहिला. चाळीसएक वर्षं बायाबापड्यांच्या मोऱ्यांना उतार देणारा हा माणूस, आणि मैल्याची टाकी टांगली सपाट!

"हसू नकोस," तो म्हणाला.

"मी कुठं हसतेय? वास येतोय, तोंड मिटून बसलेय."

पाइपाकडची बाजू हलवता येत नव्हती, नवा सांधा तुटला असता. म्हणजे मागची बाजूच उचलायची. टाकीत पाणी शिल्लक, अँगलावर पाचर सारायला दोन हात पाहिजेत आणि जॅकला तिसरा. वेल्डर कामावर गेलेला. बायको उठली, जमिनीवर पोतं टाकलं, गुडघ्यांना शिव्या देत बसली आणि जॅकचा दांडा धरला.

"अजून. थोडं अजून. थांब!"

तेवढ्यात मुलाची गाडी आली. त्याने पायरीवरची पिशवी उचलून डिकीत टाकली आणि आईला शोधत मागे आला.

"आई! हे काय चाललंय? ऊठ, चल."

"उठू कशी? मी दांडा सोडला तर सगळं तुझ्या बापाच्या छाताडावर येईल."

"बाबा, बाहेर या आधी!"

गाडीखालून आवाज आला, "आलोच. आणि हे बघ, तिला जायचं असेल तर ने. शब्द दिलाय मी." मग जरा वेळाने, "पण हे होईस्तोवर थांब."

दोन्ही पाचरी बसल्या. तिने दांडा सैल केला. टाकी अँगलावर टेकली, किंचित कललेली. त्याने खटका ओढला. गदगद, गदगद करत सगळं गटारात गेलं आणि शेवटी पाइपाने घशातून कोरडी ढेकर दिली.

मुलाने नाकावरचा रुमाल काढला. "झालं ना? चल आता."

ती नळावर हात धूत राहिली, गरजेपेक्षा जास्तच वेळ. "डिकीतली पिशवी काढ रे."

"आई, खोली तयार आहे. पंखा नवा बसवलाय."

"माहितेय बाळा. पण तिथं मला करायला काही नसतं. तेव्हा तुझा बाप खिडक्या मोजत फिरायचा आणि मी त्याला बघत बसायचे." पिशवी तिने स्वतःच ओढून काढली. "आणि संडास चालतोय. मीही शब्द दिलाय ना."

मुलगा काही बोलणार तोच घरगाडीचं इंजिन घुरघुरलं. पाणसळ केव्हाच आत जाऊन बसला होता आणि हॉर्न वाजवत होता.

ती पिशवीसकट गाडीकडं पळाली, गुडघे विसरून, आणि पत्र्यावर थाप मारत ओरडली, "अहो, थांबा! जॅक खालीच आहे!"