गज्जी कोणाची

“तिच्या वहीले हात नोको लावू वं. गज्जी होईन.”

मागच्या बाकावरची एक मुलगी दुसरीला हळूच म्हणाली. गज्जी म्हणजे तेलुगूत खरूज. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी घरच्या मुलीसुद्धा शिवी द्यायची तर तेलुगूतून देत. आणि ‘ती’ म्हणजे सुनंदा—माझ्या शेजारी बसणारी. तिने ऐकलं. मीही ऐकलं, आणि पुस्तकात बघत राहिले. का, ते मी परवापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.

सुनंदाचे वडील सरकारी शाळेत मास्तर. घर बौद्धांच्या वस्तीत. आमचं घर बाजारात, किराणा दुकानाच्या मागे. तिचा रुमाल माझ्या रुमालापेक्षा नेहमी स्वच्छ असायचा. मी असलं सगळं बघायची. बोलायची नाही.

त्याच्या आधी, दिवाळीत मी बाजारहत्नूरला मामाकडे राहिले होते. मामाच्या मुली आणि मी एकाच गोधडीत झोपायचो, आणि त्यातली एक सारखी हात खाजवायची. परत आल्यावर काही आठवड्यांनी माझ्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ उठलं. आईने दार लावून गंधकाचं मलम चोळलं. “कोणाले सांगू नोको. दुकान हाये आपलं.”

सांगितलं नाही. पण बाकाखाली सुनंदाचा हात धरायचंही सोडलं नाही. याला माया म्हणायचं? स्पर्शाने कोणते रोग पसरतात, हे उत्तर मी परीक्षेत न अडखळता लिहिलं होतं. मला माहीत होतं.

मग तिला खाज सुटली. मग आणखी दोघींना. कोणी आणली ही, असं मुली विचारू लागल्या.

तुम्ही म्हणाल, भित्री होती. भित्री मुलगी गप्प बसते—मी गप्प बसले नाही. मी हनुवटीने सुनंदाकडे खूण केली आणि म्हटलं, “गज्जी.” एवढंच. मी कमी बोलायची, म्हणून माझं सगळ्यांना खरं वाटलं. “त्यायच्यात असंच असते,” कोणीतरी म्हणालं. आणि मला—मला सुटल्यासारखं वाटलं.

मॅडमनी तिला दाराजवळ एकटीला बसवलं. खरूज मलमाने गेली, नाव गेलं नाही. वर्ष संपलं तशी तिने शाळा सोडली. मी तिच्या घरी गेले नाही.

परवा, इतक्या वर्षांनी, बेल्लमपल्लीच्या बसमध्ये ती दिसली. शेजारची जागा रिकामी होती. मला बघताच तिने पिशवी तिथे ठेवली.

“इथं कोणी येऊन राह्यलं.”

बस सुटली. कोणी आलं नाही. पिशवी तिथेच. मी दांडा धरून तिच्याजवळ उभी राहिले. पुढच्या बायका मान वळवून बघत होत्या, तरी मी आवाज खाली आणला नाही.

“खरूज माही होती, सुनंदा. मामाच्या घरून मी आणली. तुले माह्याच हातानं लागली. अन् तुले गज्जी पहिल्यांदा मीच म्हणलं.”