जेवायच्या वेळेला

घरात तिला सगळे मिरची म्हणत, आणि हे नाव तिनं लहानपणीच कमावलं होतं. ती वकील झाली याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पहिली फर्म सोडून ती घरी बसली तेव्हा. नऊ वर्षांत तिथल्या लोकांनी या मिरचीला असं काही गप्प केलं होतं, की साधा फोन वाजला तरी ती दचकायची.

शेवटी धाकट्या भावानं ओळखीत शब्द टाकला आणि एका मोठ्या फर्ममधून बोलावणं आलं. तीन मुलाखती झाल्या, नेमणुकीचं पत्रही हातात पडलं. भाऊ म्हणाला, आता नखरे करू नकोस, मुकाट्यानं सही कर. या वयात दुसरं बोलावणं येईलच याची खात्री नव्हती, हे तिलाही कळत होतं.

फर्मचे मोठे साहेब गोड बोलायचे. आमच्याकडे बॉस-बिस कुणी नाही, आपण सगळे एका कुटुंबासारखे, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या फर्ममध्येही तिनं हे अगदी असंच ऐकलं होतं. ती म्हणाली, मग सही करायच्या आधी एकदा जेवायच्या वेळेला येते. कुटुंब कसं आहे ते तेव्हाच कळतं. साहेब हसले. त्यांना ती गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच डबा घेऊन हजर. साहेबांनी हौसेनं जेवणाची खोली दाखवली. लांबलचक टेबल, त्यावर फुलदाणी, आणि खुर्च्यांवर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच. आम्ही सगळे इथंच एकत्र जेवतो, असं सांगून साहेब फोन घ्यायला केबिनमध्ये गेले.

ती बाहेरच्या टेबलांमधून फिरली. प्रत्येकाचा ड्रॉवर अर्धा उघडा, आत उघडा डबा. डोळे फाइलवर आणि हात ड्रॉवरमध्ये. इतक्यात केबिनचं दार वाजलं आणि सगळे ड्रॉवर एकदम बंद झाले. कुणी गुडघ्यानं लोटला, कुणी पोटानं. केस पिकलेल्या एका वकिलानं तोंडातला घास तसाच गिळला आणि समोरचा कागद वाचू लागला. तिला संताप आला. पोटानं ड्रॉवर कसा लोटायचा हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ती तडक जेवणाच्या खोलीत गेली. एका खुर्चीचं प्लास्टिक टराटरा फाडलं, बसली आणि डबा उघडला.

साहेब दारात येऊन उभे राहिले. पत्रावर सही करून आणलीत ना, असं त्यांनी विचारलं. तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि घास घेतला.

"तुम्ही आमची परीक्षा घेताय की काय?"

"हो. तुम्ही माझी तीनदा घेतलीत. मी एकदाच घेतेय."

या जागेसाठी रांग लागली आहे, असं ते हळू आवाजात म्हणाले.

"त्यांनाही जेवायच्या वेळेला बोलवा," ती म्हणाली.

डबा तिनं सावकाश, शेवटच्या घासापर्यंत संपवला. सही न केलेलं पत्र फुलदाणीखाली ठेवलं. जाताना बाहेरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आत खुर्च्या रिकाम्या आहेत." कुणी मान वर केली नाही. तिला त्यांचा राग आला नाही.

संध्याकाळी भाऊ तावातावानं घरी आला. त्याचं नाक कापलं गेलं होतं. तिनं ड्रॉवरांचं सांगितलं, तर एका ड्रॉवरवरून कुणी हातची नोकरी सोडतं का, लोक काय म्हणतील, असं म्हणत त्यानं तिला फैलावर घेतलं. तिनं त्याला मनसोक्त बोलू दिलं.

"नऊ वर्षं मी तशीच जेवले," ती मग म्हणाली. "मला वाटायचं, मला भूकच कमी आहे."

तिनं दोन ताटं घेतली आणि त्याला बसायला सांगितलं.