कॅप्टनची मिशी

अमडापुरात लग्न ठरलं की पोरीच्या बापाला इंद्रभानची आठवण व्हायचीच. आंदणाच्या भांड्यांवर नावं टाकावीत तर त्यानंच. अक्षर असं देखणं की पाहुणे जेवायचं सोडून ताटावरचं नाव वाचत बसत. पण नावांनी त्याचं पोट भरलं, मन काही भरलं नाही. एकदा पितळेच्या परातीवर त्यानं बायकोचा चेहरा कोरला, तेव्हापासून आपण कलाकार आहोत याची त्याला खात्री होती. बायकोला नव्हती.

अशा माणसाकडे आशाबाई आल्या. त्यांचे मालक, कॅप्टन गजेंद्रराव, तीस वर्षांमागं सीमेवर कामी आले. आता शाळेच्या आवारात त्यांच्या नावाचा काळा दगड बसायचा होता आणि त्यावर चेहरा हवा होता. फोटो एकच: तिशीतला तरणाबांड गडी, टोपी किंचित तिरपी, काळीभोर झुपकेदार मिशी.

"मले ते जसेच्या तसे पाह्यजेत," आशाबाई म्हणाल्या.

इंद्रभान हुरळला. मिशी म्हणजे चेहऱ्याचा जीव, म्हणून सुरुवात मिशीपासून. दगडावर खडू चोळून त्यानं आकृती उतरवली आणि कोरायची मशीन लावली. जिथं काळं तिथं दाट रेघा. पितळेवर जन्मभर हेच केलेलं. मिशी झाली, भुवया झाल्या, टोपीखालचे केस झाले. मग ओल्या फडक्यानं खडू पुसला, तर मिशी पांढरीफटक. पितळेवरची रेघ काळी दिसते, काळ्या दगडावरची पांढरी. इथं कोरलं ते उजळ, सोडलं ते काळं. हे कुणाला आधी विचारावं, तर कलाकार कशाला विचारतो.

पुढचं सगळं त्यानं उलटा हिशेब धरून केलं. गालावर, नाकाच्या शेंड्यावर, बिल्ल्यांवर उजेड पडतो तिथं बारीक आडव्या रेघा. टोपीखालची सावली तशीच सोडलेली. काम झालं झकास. नजर अशी थेट की समोरच्यानं आपोआप खांदे ताठ करावेत. फक्त कॅप्टनसाहेब तिशीचे राहिले नव्हते, चांगले साठीचे झाले होते.

आशाबाई दगड पाहायला आल्या आणि त्यांची नजर थेट मिशीवर गेली. इंद्रभानला वाटलं, बुडालं आपलं नाव. त्याहून वाईट म्हणजे, बाईच्या नवऱ्याचा चेहरा आपण बिघडवला.

"काकू, चूक माहीच हाय," तो म्हणाला. "मिशीले काळा रंग भरून देतो."

"हात लावू नको त्याले." आशाबाईंनी पांढऱ्या केसांवरून पदर सारखा केला. "फोटोतले ते आता माह्या लेकापेक्षा लहान दिसतात. त्यायच्यापुढं उभं राह्याची मले लाज वाटे. आता जोडा शोभते."