‘आम्ही’ की ‘मी’

डोंगरकड्याचा देविदास आठवडाभर हापसे दुरुस्त करायचा आणि रविवारी गावातल्या पत्र्याच्या चर्चमध्ये पेटी वाजवून गीतं म्हणायचा. दोन्हीकडे ओढायचंच काम, असं तो म्हणे. तिकडे जमिनीतून पाईप ओढायचे, इकडे मंडळीच्या गळ्यातून आवाज. त्या वर्षी, दोन हजार तीन साली, पावसाने हात आखडता घेतलेला. विहिरी आटल्या आणि सगळ्या गावांचा भार हापशांवर आला. पन्नाशीच्या देविदासचे खांदे संध्याकाळपर्यंत बधिर होऊन जात.

उपासनेत आधी पापकबुलीचं गीत आणि नंतर उपकारस्तुतीचं, असा क्रम. पण मंडळी वेळेवर येईल तर ती मंडळी कसली! कुणाची म्हैस दूध द्यायची राहिलेली, कुणाची अंघोळ. कबुलीच्या गीताला उपासना चालवणारे पाळक, देविदास आणि म्हातारी भिकाबाई एवढेच हजर. या वयात भिकाबाईच्या हातून पाप ते कसलं होणार? तरी गावभरच्या चुका वर्षानुवर्षं या तिघांनीच कबूल केल्या. “आम्ही चुकलो, आम्ही चुकलो” म्हणून झालं की मग लोक येत. आभार मानायला चर्च गच्च भरे.

सगळ्यात शेवटी यायचा कोंडीबा, देविदासचा थोरला भाऊ. स्तुतीचं गीत सुरू होईपर्यंत तो दाराबाहेर चपलांशी चाळा करत बसे आणि मग आत येऊन खणखणीत आवाजात गाई. देविदासच्या तळपायाची आग मस्तकात जाई. दोघांच्या घरांची भिंत एक होती, पण बोलणं कामापुरतंच.

कारण होतं मायचं मरण. माय अंथरुणाला खिळलेली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी, नाताळाआधीच्या एका दुपारी घरात कुणी नसताना ती गेली. बायका कापूस वेचायला, कोंडीबा कळमनुरीच्या बाजारात, देविदास गीतांच्या सरावाला. प्रत्येक भावाला वाटलं, दुसरा घरी असेल. देविदासच्या लेखी हिशेब सरळ होता. थोरला तो, घरी थांबायचं त्याने. दादाने एकदा, फक्त एकदा ‘चुकलो’ म्हणावं, एवढीच देविदासची भूक होती. ती भागत नव्हती आणि जातही नव्हती.

हंगामानंतरची उपकारस्तुतीची मोठी उपासना जवळ आली. शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे मांडायचं असतं, म्हणून त्या दिवशी झाडून सगळे वेळेवर येतात. पाळकांना नंतर दुसऱ्या गावी जायचं होतं. ते म्हणाले, “देविदास, या वेळी दोन गीतं नकोत. उपकार आणि कबुली एकातच असेल असं एक निवड.”

तशी दोन गीतं त्याला येत होती. एकात होतं, ‘आम्ही चुकलो, तरी तू दिलेस’. दुसऱ्यात, ‘दिलेस ते पुरले देवा, घेताना मी चुकलो’. शनिवारी संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून तो दोन्ही गुणगुणत बसला.

“आमी वालंच घ्या,” त्याची बायको शिला म्हणाली. “सगळ्यायला म्हणाया सोपं जातं.”

“म्हणूनच न्हाई घ्यायचं. आमी म्हणलं की दादा त्यात दडून बसतो. मी म्हणलं की कुठं जाईल?”

“तुमाला देवाचं गाणं निवडायचं हाये, का दादायला कोंडीत पकडायचं हाये?”

 गीत ‘मी’चंच ठरलं.

रविवारी चर्च भरलं. वेदीपुढे ज्वारीची कणसं, दोन भोपळे, पाय बांधलेली एक कोंबडी. कोंडीबा चक्क दुसऱ्या रांगेत. पद्धत अशी की ओळ आधी देविदासने म्हणायची, मागून मंडळीने. “घेताना मी चुकलो,” त्याने आवाज चढवला. मंडळीने ओळ उचलली, कोंडीबाने नाही. दुसऱ्या कडव्याला देविदास आणखी चढला. तिसऱ्याला त्याचा गळा फाटला. कोंडीबा तोंड मिटून, त्याच्याकडे टक लावून उभा राहिला. देविदासला रडू यायचं बाकी होतं.

उपासना संपली. भोपळ्यांचा लिलाव बोलायला लोक अंगणात गेले. देविदास पेटी आवरत होता, तेवढ्यात कोंडीबा जवळ आला.

“म्हणलास एकदाचा,” तो म्हणाला.

“काय?”

“मी चुकलो म्हणून. सगळ्यायसमोर, तीनदा. बरं केलंस, गड्या. लई वाट बघून राहिलो होतो.” कोंडीबाचे डोळे भरलेले होते.

देविदासला ठसकाच लागला. “मंग इतकी वर्सं उशिरा काहून यायचास?”

“तू आमी चुकलो म्हणायचास. तुज्या चुकीत मला काहून धरतोस? म्हणून भाईर बसायचो, तुजं गाणं सरंस्तोर.”

ते गाण्यातले शब्द होते, माझे नव्हेत, असं सांगता आलं असतं. ओठांवर आलंही. पण देविदास फार थकला होता. पाईप ओढून थकला नव्हता इतका तो या रागाने थकला होता. पेटीवर हात टेकून तो खाली बसला आणि शिलालाही कधी सांगितलं नव्हतं ते बोलून गेला.

“सरावाला निघालो तवा माय थांब म्हणली होती, दादा. म्या म्हणलं, दादा येईलच आता. अन् गेलो.”

 हळूहळू कोंडीबाही सतरंजीवर टेकला. बाहेर भोपळ्याची बोली वाढत होती.

“सकाळी बाजाराला निघालो तवा मलाबी म्हणली होती थांब,” तो म्हणाला. “म्या म्हणलं, देविदास येईलच.”

बाहेर भोपळा कुणाच्या तरी नावावर सुटला. मग कोंडीबाच पुटपुटला, “म्हंजी तिनं दोघायचीबी वाट बघितली.”